चार मात्रा कमी

एकशे चाळिसावी उत्तरपत्रिका उघडली तेव्हा मान पार अवघडली होती. प्रश्न तोच: कवितेचं वृत्त, यमक आणि रचना सांगा. कविता माझीच, पण टोपणनावाने छापलेली. तपासणी केंद्रात कुणालाच ठाऊक नव्हतं. ‘शेवटच्या ओळीत चार मात्रा कमी, हा कवीचा निष्काळजीपणा,’ असं आदर्श उत्तरात होतं, पोरांनी तेच घोकलं होतं आणि मीही मुकाट गुण देत होतो. या पत्रिकेत मात्र लिहिलं होतं, ‘इथे कुणाचं तरी नाव असणार. कवीला ते लिहवलं नसेल.’ मी पूर्ण गुण दिले. शेजारच्या बाई डोकावल्या. “सर, आदर्श उत्तरात हे कुठंय? उद्या जाब विचारतील, काय दाखवणार?” वाद घालायचं त्राण नव्हतं. पत्रिकेत उतरवलेल्या ओळीपुढे, वीस वर्षांत पहिल्यांदा, गेलेल्या लेकीचं नाव लिहिलं. “मोजा बाई,” म्हटलं, “बरोबर चार भरतात.”