स्टार सिक्स

“ते कॉफीचं मशीन पाच मिनिटं बंद ठेवता येईल का?” सुदर्शनने विचारलं.

“दादा, कॅफे हाय हा,” ऋषी म्हणाला. “मशीन बंद ठेवून लोकांना काय गाणं पाजू?”

ऋषी कॅफेचा मालक. बाणेरला याच जागेवर त्याच्या आजोबांचा गोठा होता. म्हशी गेल्या, रवंथ करणारे तेवढे राहिले. गेले तीन शनिवार सुदर्शन भोयर इथे गिटार घेऊन स्वतःची गाणी म्हणत होता आणि मोबदला म्हणून पास्ता खात होता. आज कार्यक्रम रंगला तर दर शनिवार मानधनासकट पक्का, असं ऋषीने कबूल केलं होतं. शनिवार पक्का झाला की नोकरीला लाथ, असं सुदर्शनने स्वतःशी कबूल केलं होतं.

नोकरी हिंजवडीत होती. टेस्टरची. सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, शनिवारी स्वतःच्या करायच्या. चार वर्षांत ऑफिसातल्या एकाही शहाण्याने “काय रे, गातोस म्हणे?” एवढंही विचारलं नव्हतं. मॅनेजर पद्मजा आगाशे तर जेवतानाही कानावरचा हेडफोन काढत नसे. सगळ्या कंपनीत पहिल्या नावाने बोलायची पद्धत, पण ही बाई आडनावानेच हाक मारणार, वर आपण-आपण करणार. यवतमाळहून आलेल्या सुदर्शनला या मंडळींचा इतका संताप होता, की त्याने त्यांच्यावरच गाणं रचलं:

बाप माझा कापूस पिकवी उन्हात,
बोळे करून तुम्ही घातले कानात!

आज तेच गाणं तो पहिल्यांदा म्हणणार होता. पण ऑफिसने शनिवारही सोडला नव्हता. अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाच्या मशीनवर नवं सॉफ्टवेअर चढत होतं, आणि ते चढेपर्यंत सगळ्या टीमने फोनवरच्या कॉन्फरन्स कॉलला हजर राहायचं होतं. हजर म्हणजे गप्प. नाव घेतलं तरच “येस, ओके” म्हणायचं. सुदर्शनने कॉल लावला आणि स्टार दाबून सहा दाबलं. म्हणजे म्यूट, आपला आवाज पलीकडे जात नाही. मग खात्री असावी म्हणून पुन्हा एकदा स्टार दाबून सहा दाबलं. एका कानात इअरफोन घातला, फोन शर्टाच्या खिशात टाकला आणि गिटार उचलली.

पहिलं कडवं त्याने जीव तोडून म्हटलं. समोर एक बाई पिझ्झ्याचा फोटो काढत होती. दोन तरुण फ्लॅटच्या कार्पेट एरियावरून हमरीतुमरीवर आले होते. मशीन फुसफुसत होतं. बापाच्या कापसावरून तो बोळ्यांवर आला तेव्हा एकाने हात वर केला. सुदर्शनला भरून आलं. त्या माणसाला टोमॅटो सॉस हवा होता.

दुसरं कडवं सुरू झालं आणि कोपऱ्यातल्या टेबलावर केक आला. अख्खा कॅफे उठून ‘हॅपी बर्थडे’ ओरडायला लागला. ऋषी धावत आला.

“दादा, आवरा आता. बड्डेचं टेबल हाय. आणि पुढल्या शनवारी नका येऊ. हे असलं रडकं लोकांना पचत नाय.”

सुदर्शनने गिटार खाली ठेवली. डोळ्यांत पाणी आलं, त्याचा त्याला रागच आला. तेवढ्यात कानात आवाज आला.

“भोयर, आपण म्यूटवर नाही आहात. मघापासून. सोमवारी साडेनऊला माझ्या केबिनमध्ये या.”

पद्मजा आगाशे! त्याने खिशातून फोन काढला. स्टार-सिक्स एकदा दाबलं की म्यूट, दुसऱ्यांदा दाबलं की म्यूट निघतो. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. चार वर्षं नव्या मुलांना तोच हे शिकवत होता. टेस्टर म्हणे!

सोमवारपर्यंत तो जेवला नाही धड. कॅफे गेला होता, आता नोकरीही जाणार. यवतमाळला आईला काय सांगायचं? निदान हाकलण्याआधी आपणच जावं, म्हणून त्याने राजीनामा लिहून खिशात घातला. गिटारची एक खुंटी ढिली झाली होती. राजीनामा द्यायचा आणि तसंच कसब्यातल्या कारागिराकडे जायचं, म्हणून गिटार पाठीला लावूनच तो केबिनमध्ये शिरला.

आत अख्खी टीम उभी होती. सातजण, सगळ्यांच्या कानांवर हेडफोन. साक्षीदार असणार. पद्मजाबाई हेडफोन लावून स्क्रीनकडे बघत होत्या.

“मॅडम, चूक झाली,” तो म्हणाला. “मला वाटलं मी म्यूटवर आहे. सगळ्यांना ऐकावं लागलं.”

“लागलं?” बाईंनी वर पाहिलं. “अहो, कॉलची होस्ट मी होते. होस्टला कोणालाही म्यूट करता येतं, एका बटणात. आपल्याला ठाऊक असेल, टेस्टर आहात.”

सुदर्शनचा हात खिशातल्या राजीनाम्यावर गेला.

“चाल बरी आहे. पहिल्या ओळीत ‘पिकवी’ कशाला? ‘पिकवतो’ म्हणायची लाज वाटते का? असो. दुसऱ्या कडव्यात त्या गाढवांनी केक कापला. पुढचं आम्हाला कोणालाच ऐकू आलं नाही.”

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मागच्या सातजणांनीही आपापले काढले.

“बोळे काढलेत, भोयर. म्हणा.”