बंदीच्या बाजूने

"सकाळी उठला की हात थरथर कापायचे त्याचे," केवळाबाई म्हणाल्या. "वट्ट्यावर बसून दहा वाजायची वाट बघायचा."

प्रा. आनंदराज सोनकांबळे यांनी ते वहीत लिहून घेतलं.

समाजशास्त्र शिकवताना ते पोरांना नेहमी सांगत, पुस्तक मिटा आणि माणसाच्या दारात जा. म्हणून रविवारी सकाळीच ते विष्णुपुरीहून निघून शिरूर अनंतपाळजवळच्या या गावात आले होते. पुढच्या शनिवारी लातूरला जाहीर वादविवाद होता. विषय होता, गांजावरची बंदी उठवावी का? सर बंदीच्या बाजूने बोलणार होते.

या गावाचं नाव त्यांना ठाऊक होतं. गेल्या साली इथेच तुरीच्या पिकात गांजाची झाडं सापडली होती, पेपरात फोटो आला होता. केवळाबाईंचा पत्ता त्यांचे सहकारी रामलिंग यांनी दिला. "आमच्या गावात एक बाई हाय सर. एकुलता एक पोरगा नशेपायी गेला. सोन्यासारखं लेकरू होतं."

"काम काय करायचा?" सरांनी विचारलं.

"टेलर होता. त्याच्या हातचा सदरा घ्यायला माणसं महिना महिना थांबायची. मग सुईत दोरा जाईना झाला. सुनबाई माहेरी गेली, ती परत आली न्हाई. भागवतला जाऊन सहा महिने झाले. बत्तीस वर्साचा होता."

सरांनी वहीचं पान उलटलं.

"लोकं काय बी बोलायलेत," बाई म्हणाल्या. "पर माझ्या पोरानं चोरून काही केलं न्हाई. पोलीस कधी दारात आला न्हाई आमच्या."

हे वाक्य सरांनी लिहून घेतलं नाही. आई असंच म्हणणार.

"तुमी सरकारला सांगणार हाव?"

"हो मावशी. सभेत जो ठराव होईल, तो सरकारकडे जाणार आहे."

"बंद करतील?"

"बंदच राहील. त्यासाठीच तर बोलायचंय."

बाईंनी पदराने डोळे पुसले. "मग येते मी. म्हणताव तर दोन शब्द बोलते बी."

शनिवारी सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत केवळाबाई बसल्या होत्या. मांडीवर भागवतचा चौकटीतला फोटो होता.

बंदी उठवण्याच्या बाजूने शिवांगी बोलली. ती एकेकाळी सरांचीच विद्यार्थिनी होती, आता लातूरच्या कोर्टात वकिली करत होती. गेल्या वर्षी दुसऱ्या एका विषयावर तिने सरांना हरवलं होतं, ते सरांच्या मनातून गेलं नव्हतं.

"शिवरात्रीला भांग पिणारे हात वर करा," तिने सुरुवातच अशी केली. पोरं हसली. "घाबरू नका, पानाला बंदी नाही. त्याच झाडाच्या शेंड्याला, म्हणजे गांजाला आहे. शेंडा खुडला की माणूस गुन्हेगार! एकोणीसशे पंच्याऐंशीपर्यंत आपल्याकडे गांजाचे परवाने होते. लोक तेव्हा जसे वागत होते तसेच आजही वागतात. बदलला फक्त कायदा. आणि तुरुंगात जातो कोण? तुरीत चार झाडं लावणारा. कायद्याने लोकांच्या वागण्याकडे पाहायला नको का?"

टाळ्या पडल्या. सर उठले.

"लोक हुंडा घेतात," ते शांतपणे म्हणाले. "उघड घेतात, मांडवात घेतात. लोकांच्या वागण्याकडे पाहून तोही कायदेशीर करायचा का? लोक जसे आहेत तसा कायदा करायचा, तर कायद्याची गरजच काय? लोकांनी कसं व्हावं हे कायद्याने सांगायचं असतं."

आता टाळ्या इकडून पडल्या. मग सरांनी वही उघडली.

त्यांनी भागवतची गोष्ट सांगितली. त्याच्या हातचा सदरा, माहेरी गेलेली बायको, सुईत न जाणारा दोरा. आवाज चढवला नाही. "वकीलबाई आकडे सांगतील," सर म्हणाले. "मी एक आई घेऊन आलोय. गांजाने एका घराचं काय केलं, ते हिच्याकडे पाहून ठरवा."

केवळाबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. शेजारी बसलेल्या मुलीला त्यांनी हळूच काहीतरी विचारलं. मुलीने त्यांच्या हातावर हात ठेवला.

मतदान झालं. सूत्रसंचालन करणाऱ्या ज्योत्स्ना मॅडमनी बंदी कायम ठेवण्याच्या बाजूचे हात वर करायला सांगितले. जवळजवळ सगळेच हात वर गेले. शिवांगीच्या बाजूला बसलेल्या दोन मुलींनीही हात वर केले. मोजायची गरज पडली नाही.

शिवांगी स्वतःहून येऊन सरांच्या पाया पडली. "सर, आज तुमच्यापुढे बोलायला काही उरलंच नाही," ती म्हणाली. सरांना बरं वाटलं. भागवतला न्याय मिळाला, असंही वाटलं.

"मावशींना दोन शब्द बोलायचे आहेत," सरांनी माइकवरून सांगितलं आणि स्वतः खाली उतरून त्यांना हाताला धरून वर आणलं.

केवळाबाईंनी फोटो छातीशी धरला. माइक उंच होता, सरांनी तो खाली करून दिला.

"सर लई चांगलं बोलले," त्या म्हणाल्या. "तुमी समद्यांनी माझ्या लेकरासाठी हात वर केलाव, देव तुमचं भलं करो. पर गांजाला त्यानं कधी हात लावला न्हाई. आमच्या फाट्यावर सरकारमान्य देशी दारूचं दुकान हाय, त्याच्या पायी गेला तो. आता तसेच हात ते बंद करायला वर करा बगू."