डावी कळी

देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक कळी चिकटवलेली होती. उजवी आधी पडली तर दिशा जहाजावर जाणार. डावी पडली तर गावातच राहणार.

दिशाचे वडील गंगाराम जहाजावर गेले होते ते परत आलेच नाहीत. आता तिलाही जहाजावरची नोकरी लागली होती. "माका काय विचारू नको, देवीक विचार," असं म्हणून सगुणाकाकीनं आठवडाभर लेकीशी बोलणं टाकलं होतं. शेवटी दिशा कौलाला कबूल झाली. दुसरा मार्गच नव्हता. कौल एकदा झाला की त्याच्यावर अपील नसतं.

शिवा गुरवानं गाऱ्हाणं घातलं. "बाय माझे, लेकराच्या मनात जा हाय, त्याचा उलगडा कर." मंडपातून सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं.

शिवाची मुलगी योगिनी फुलांचं तबक घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभी होती. रत्नागिरीच्या कॉलेजात ती शिकवते. मे महिन्याच्या सुट्टीत घरी आली होती आणि खरं सांगायचं तर तिचं अर्धं लक्ष कंबरेला खोचलेल्या फोनकडे होतं.

'सात बेटांची गाथा' या कादंबरीमालिकेचे सहा भाग आले होते, सातवा यायचा होता. तोवर चाहत्यांच्या ग्रुपवर एकाच भाकिताचा कीस पडत होता. 'ज्या मुलीला समुद्र हाक मारील, तिला अडवणाऱ्याचं बेट बुडेल.' ही मुलगी कोण? कुणी म्हणे राणीची हरवलेली लेक, कुणी म्हणे कोळ्याची पोर. योगिनीनं तिसरंच मांडलं होतं. हे भाकीत देवीचं नाहीच. एका मुलीला बेटाबाहेर काढायचं होतं म्हणून म्हाताऱ्या पुजाऱ्यानं ते स्वतःच रचलं. ग्रुपवर तिची यथेच्छ टिंगल झाली. चिपळूणच्या सर्वेशनं मात्र नीट विचारलं होतं, 'सबंध गाथेत त्याच्याएवढा देवभक्त माणूस नाही. तो देवीच्या नावानं खोटं बोलेल कशाला?' यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. ते तिला सकाळपासून डाचत होतं.

थिअरी मांडायची खोड तिला घरातूनच लागलेली. ती दहावी झाली त्या वर्षापासून बाबा हापूस खात नाहीत. पावससारख्या आंब्याच्या गावाशेजारी राहून, दारात दोन कलमं असून. आई म्हणायची, साखर वाढली असेल, सांगत नाहीत. काका म्हणायचा, बागवाल्याशी वाकडं आलं असेल. योगिनीची थिअरी पित्ताची होती. बाबा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि हसायचे.

तेवढ्यात डावी कळी सुटली.

योगिनीनं ती स्पष्ट पाहिली. मंडपातल्यांना दिसली नाही, कारण बाबा समईची वात सारायला मध्ये वाकले होते. कळी खाली पोचलीच नाही. बाबांचा हात तिथं होता. मूठ मिटली आणि धोतराच्या सोग्यात गेली. मग ते वाकलेले तसेच राहिले. बऱ्याच वेळानं उजवी कळी ताटात पडली, तेव्हा ते बाजूला झाले.

"उजवी दिलीन देवीनं," शिवा गुरव म्हणाला.

सगुणाकाकीनं देवीला हात जोडले. आधी रडली, मग तिनं लेकीला जवळ ओढलं आणि पदरानं तिचं तोंड पुसत म्हणाली, "जा गो बाय. आता तीच राखील तुका." आठवडाभरानं आईचे शब्द कानावर पडले आणि दिशाला हुंदका आवरेना.

घरी येईपर्यंत योगिनी रागानं धुमसत होती. आयुष्यभर सोवळंओवळं पाळणारा हा माणूस. आणि उद्या दिशाचं काही बरंवाईट झालं तर?

आईनं ओटीवर चहा आणून ठेवला. शिवा गुरवाला चहा म्हणजे जीव की प्राण. दिवसातून किती वेळा होई ते आईनं मोजणंच सोडलं होतं. त्यानं कप हातात घेतला, वास घेतला आणि खाली ठेवला.

"आजपासून मना चहा नको."

"पित्त झालंय काय?" आईनं विचारलं.

"व्हय. तसाच काय ता."

आई पुटपुटत आत गेली. योगिनी कपाकडे बघत राहिली. माणूस तीर्थाला गेला की आवडती वस्तू देवाला सोडून येतो, हे तिला ठाऊक होतं. तिचे बाबा कुठल्या तीर्थाला गेले नव्हते. तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मी बघितलं."

शिवा गुरवानं कप आणखी लांब सारला. "पाप लागलाच तर मना लागू दे," तो म्हणाला. "पोरीक नको. तसा सांगितलाय मी देवीक."

तिला सर्वेशच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, आणि ते ग्रुपवर कधीच लिहिता येणार नव्हतं. तिनं फोन उपडा ठेवला. मग तिला दहावीनंतरचा उन्हाळा आठवला. तिला शिकायला रत्नागिरीला पाठवायचं नाही म्हणून आजोबा हटून बसले होते. त्यांनीच कौल लावायला सांगितला होता. उजवी पडली म्हणून ती गेली.

"माझ्या वेळी पण?" तिनं विचारलं.

शिवा गुरवानं दारातल्या कलमाकडे पाहिलं. आंबे लगडले होते.

"तवा चहा सोडून भागला नसता गो," तो म्हणाला. "आंबा मना चहापेक्षा लय आवडायचा."