टाक

“इथून आडवं सरकायचं. पाठ भिंतीला लाव, पिशवी पुढे घे,” वरद म्हणाला.

म्हणजे हेही याला ठाऊक होतं. मोहनाने दात आवळले आणि पिशवी पुढे घेतली.

काल सकाळी बडोद्याहून, समा भागातल्या सोसायटीतून गाडी निघाली तेव्हापासून हेच चाललं होतं. भुजच्या अलीकडे कुठल्या लारीवर म्हणजे हातगाडीवर चहा प्यायचा, पाटी नसलेल्या रस्त्यावर कुठे वळायचं, गाडी कुठल्या बाभळीखाली लावायची, सगळं तोंडपाठ. फोनवर नकाशासुद्धा उघडला नाही. नवरा इतका जाणता निघाला तर बायकोला बरं वाटायला हवं. मोहनाचा नुसता जळफळाट होत होता. एवढं सगळं कुणी एकटं येऊन शिकत नाही.

पूर्णिमा ही वरदची पहिली बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मोहनाच्या लग्नाला आठ महिने. घरातले पडदे पूर्णिमाने निवडलेले, मिक्सर तिने घेतलेला, शेजारच्या बेन अजूनही मोहनाला चुकून पूर्णिमा अशीच हाक मारायच्या आणि मग जीभ चावायच्या. “आपण कुठेतरी जाऊ या ने, दोघंच,” असं मोहना म्हणाली होती ती त्यासाठीच. पूर्णिमा जिथे आधी येऊन गेलेली नाही, अशी एक तरी जागा तिला हवी होती. आणि या शहाण्याने नेमकी ही घळ निवडली.

घळ सुंदर होती, हे मोहनालाही नाकारता येत नव्हतं. कच्छच्या रखरखीत उन्हातून आत शिरलं की अंगाला गारवा लागत होता. दोन्ही बाजूंना तांबूस भिंती, वर आभाळाची चिंचोळी पट्टी, पायाखाली पाण्याने कोरलेले खोल रांजणखळगे. पण तिच्या डोळ्यांसमोर भलतंच येत होतं. फोटोतली पूर्णिमा बारीक होती. ती इथून सहज गेली असेल. मोहनाला पोट आत घ्यावं लागत होतं.

भिंतीला छाती घासली आणि कुर्त्याच्या आतला टाक टोचला. सवतीचा टाक. अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच्या हाताने काळ्या दोऱ्यात ओवून तो मंगळसूत्राशेजारी बांधला होता. “पहिलीचा मान असतो. तिला गळ्यात ठेवलं की ती सुखाने संसार करू देते,” असं त्या म्हणाल्या होत्या. वरद बँकेत अधिकारी, मोहना शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी. पण सासूबाईंपुढे दोघांच्याही तोंडून शब्द फुटला नव्हता. तेव्हापासून मोहना तिला गळ्यात घेऊन जेवत होती, झोपत होती, नवऱ्याजवळही जात होती.

वरद वळणापलीकडे दिसेनासा झाला. मोहना थांबली. मानेमागे हात नेऊन तिने दोऱ्याची गाठ सोडली. दोन मिनिटं गळा मोकळा ठेवावा, एवढंच मनात होतं. पण टाक तळहातावर आला आणि खाली खळग्यातलं हिरवं पाणी दिसलं. तळ दिसत नव्हता. दोरा तुटला असं सासूबाईंना सांगता आलं असतं. वरदला काय सांगणार?

तेवढ्यात वळणापलीकडून त्याचा आवाज आला. “मोहना, टाक...”

पुढचं ऐकू आलं नाही. भिंती तेवढंच म्हणत राहिल्या. टाक, टाक.

त्याने पाहिलं असणार. वळणावरून मागे डोकावून तिच्या हातातला दोरा पाहिला असणार आणि तोच सांगत होता, टाक! म्हणजे तोही कंटाळलाच होता तर. आईपुढे बोलायची हिंमत नव्हती, इतकंच. आठ महिन्यांत मोहनाला एवढा आनंद झाला नव्हता. तिने हात उंचावला आणि टाक पाण्यात भिरकावला. डुबुक असा आवाज झाला.

कोपर खरचटून घेत ती घाईघाईने वळण ओलांडून गेली. वरद हात पुढे करून उभा होता.

“आण,” तो म्हणाला.

“काय?”

“टाक. टाक दे म्हटलं ना मी तुला? पूर्णिमाला ही जागा दाखवायची होती.” तो खाली बघत बोलत होता. “आधी सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं. तिला इथे यायचं फार होतं गं. वहीत सगळं लिहून ठेवलं होतं तिने. चहाची लारी, वळण, बाभूळ, कुठे आडवं सरकायचं तेसुद्धा. मी आपला दर वेळी पुढच्या महिन्यात जाऊ म्हणायचो. मग ती आजारीच पडली. वही वाचून वाचून पाठ झाली माझी. पण येतोय मी आज पहिल्यांदाच.”

मोहना भिंतीला टेकली. पूर्णिमा इथे कधी आलीच नव्हती. मोहनाला हवी होती ती जागा हीच होती. अगदी आत्तापर्यंत होती.

“पाण्यात आहे,” ती कसंबसं म्हणाली. “त्या मागच्या खळग्यात. मी... सोडला.”

आता हा ओरडणार, म्हणून तिने मान खाली घातली. पण वर पाहिलं तर वरदचे डोळे भरून आले होते.

“तिला इथेच ठेवलंस? माझ्या मनातसुद्धा आलं नसतं गं हे. केवढं मोठं मन तुझं!”

आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याने आपणहून तिचा हात धरला. खरं काय ते सांगायला मोहनाने तोंड उघडलं. त्याचा हात उबदार होता. तिने तोंड मिटलं.

“आता दर वर्षी यायचं,” वरद म्हणाला, “तिला भेटायला.”