आरशाची उंची

"बोला साहेब, आरसा कुठं मारू?" फकिरा मिस्त्रीनं ड्रिल मशीन हातात घेऊन विचारलं.

नरसिंगराव न्हाणीघराच्या दारात उभे होते. हे दार आता बाहेर उघडत होतं. आधी ते आत उघडायचं आणि अर्धी मोरी एकटंच खाऊन टाकायचं. त्यांची बायको दमयंतीबाई घसरून पडल्या तेव्हा त्याच दाराला आतून आडव्या झाल्या होत्या. नरसिंगरावांना ना ते ढकलवत होतं, ना सोडवत होतं. आता उंबरा काढला होता. खाली खरबरीत फरशी, बसायला कमोड, धरायला भिंतीत स्टीलचा दांडा, आणि वाटेत येणारं बेसिन कोपऱ्यात सरकवलेलं. जागा तीच, टीचभर. पण आता दोन माणसं आत उभी राहू शकत होती.

सगळा खटाटोप एका माणसासाठी. खुब्याच्या ऑपरेशननंतर दमयंतीबाई हैदराबादला लेकाकडे, आदित्यकडे राहिल्या होत्या. "त्या मोरीत मी आईला पुन्हा पाठवणार नाही," असं आदित्यनं ठणकावून सांगितलं होतं. मोरीचंच दुखणं ना? मग मोरीच नको, म्हणून नरसिंगरावांनी सगळं फोडायला लावलं. पण मनात धाकधूक होतीच. तिकडं लिफ्ट होती, नातवंडं होती, गरम पाण्याचा नळ होता. रोज फोनवर ते विचारत, "कवा येतं तू?" आणि दमयंतीबाई म्हणत, "पाहू." त्या 'पाहू'नं त्यांचा जीव टांगणीला लागला होता. एकट्यासाठी चहा टाकायचा तरी हात दोन कप पाणी मोजायचा.

"बाईच्या उंचीले मार," ते म्हणाले.

"म्हंजे केवढी?"

 नरसिंगरावांची उभी हयात गिरदावरीत, लोकांची शेतं तपासण्या-मोजण्यात गेली. इंद्रवेल्लीकडच्या शिवारात उन्हातान्हात जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, ओढणाऱ्यांच्या मागं ते फिरले होते, कुणाचा बांध कुठं सरकलाय हे नुसत्या नजरेनं सांगायचे. बायको केवढी आहे, ते मात्र सांगता येईना. त्यांनी हात छातीशी धरला, मग खांद्याशी नेला, मग पुन्हा खाली आणला.

फकिरा हसला. "साहेब, संसार बाईसंगच केला ना?"

"जुन्या आरशाचा खिळा कुठं होता रे?"

"तो भिंतीसंगच गेला. तुमीच म्हनले, जुनं काईच ठेवू नको."

खरं होतं. घाईघाईत त्यांनी सगळं मलब्यात टाकायला लावलं होतं. आरसासुद्धा. तो दमयंतीबाईंनी स्वतःच्या तोंडासमोर लावून घेतला होता आणि नरसिंगरावांना रोज वाकून दाढी करावी लागे. "पाठ मोडली माझी, वर घे तो आरसा," म्हणून त्यांनी किती वेळा कुरकुर केली असेल. बाई ऐकतील तर शपथ. "घरात एकानं तं वाकलं पायजे," त्या म्हणायच्या, "मले काई उंच होता येत नाई."

"पाहा बा," फकिरा म्हणाला, "टाइलले एकडाव भोक पडलं का मंग इलाज नाई."

नरसिंगराव आत गेले. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहिले. डोळे मिटले, जिभेनं गाल फुगवला आणि हातात नसलेला वस्तरा गालाला लावला. पाठ आपोआप वाकली. गुडघे जरासे दुमडले, हनुवटी वर झाली. रोजच्यासारखीच कमरेत कळ आली, आणि त्यांनी डोळे उघडले.

"हितं. माह्या डोयासमोर खूण कर."

फकिरानं या वेळी काही चेष्टा केली नाही. मुकाट्यानं पेन्सिलीची रेघ मारली.  एवढी वर्षं नरसिंगराव जिच्या नावानं ओरडत राहिले, त्या पाठीनंच बायकोचं माप जपून ठेवलं होतं.

त्यांनी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. दमयंतीबाईंना दार दाखवलं, दांडा दाखवला, फरशीवर पाय घासून दाखवला.

"उंबरा काढला?" त्यांनी विचारलं.

"काढला."

"आन् आरसा?"

"तुह्या उंचीले. हे पाह्य, खूण."

त्यांनी फोन रेघेजवळ धरला आणि 'पाहू' ऐकायची तयारी केली. दमयंतीबाईंनी रेघ निरखून पाहिली. फोनमध्ये त्यांचा चेहरा बारीक झालेला दिसत होता.

"थोडा खाली घ्या," त्या म्हणाल्या.

"काऊन? बराबर तुहंच माप हाय ते."

"होतं. आता वॉकर धरून चाला लागते मले. कंबर वाकली. तेवढी नाई राह्यली मी." मग म्हणाल्या, "आल्यावर मले माहं तोंड दिसलं पायजे का नाई?"

नरसिंगरावांनी मान फिरवली. फकिरा भिंतीकडे बघत उभा होता.

"किती खाली, साहेब?" त्यानं हळूच विचारलं.

नरसिंगरावांनी अंगठ्यानं रेघ पुसली. फोन फकिराच्या हातात दिला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले.

"तू फक्त 'बस' म्हन," ते फोनकडे पाहत दमयंतीबाईंना म्हणाले, आणि वाकत गेले.