बिनदाराचं घर

रविराजनं बँकेच्या नोकरीत पुष्कळ दारांवर लिलावाच्या नोटिसा चिकटवल्या होत्या, पण पिंपळीतल्या या घराला दारच नव्हतं. चौकट होती, बिजागऱ्या होत्या, उंबऱ्यापुढं ताजी रांगोळीसुद्धा होती. खळीचा ब्रश हातातच राहिला. “आजी, दार कुठं गेलं?” ओट्यावर लसूण सोलणाऱ्या द्वारकाबाई म्हणाल्या, “काढून उसात ठिवलंय. दाराला कागद डकवल्याबिगर घर इकता येत न्हाय म्हनं.” रविराजला हसू आवरेना. “तसं नसतं आजी. ठळक जागी लावली की झालं, भिंतसुद्धा चालते.” “व्हय?” द्वारकाबाईंचं सोलणं थांबलं. त्यानं भिंतीवर नोटीस चिकटवली, नियमाप्रमाणं फोटो काढला. निघताना मात्र राहवलं नाही. “किती दिवस झाले दार काढून?” “आठ.” “रात्री चोराची भीती नाही वाटली?” द्वारकाबाईंनी ओल्या कागदाकडं बघितलं. “चोर आला तर भांडी न्हेईल, बाबा. त्यो घर न्हेत न्हाय.”