ध्रुव सरकला

पृथ्वीचं चुंबकत्व माणसाची हाडंसुद्धा घडवतं, असं फोनवर कुणीतरी पाठवलं आणि सासऱ्यांनी होकायंत्र लावून थेट खिडकीशी पलंग टाकला. माझं शिलाई मशीन गेलं अंधाऱ्या कोपऱ्यात. तिथे मी कपडे शिवू की बोटं? पण त्यांच्या हाडांपुढे सुनेच्या बोटांना कोण विचारतो!

आज सासरे होकायंत्र घेऊन कोपऱ्यात आले. मशीनपाशी सासूबाई बसल्या होत्या. काटा गर्रकन तिकडेच फिरला.

“अगं, ध्रुव सरकला!” सासरे टाळ्या पिटत नाचले. “सूनबाई, धर पलंग!”

धरला की!


मशीन खिडकीशी लागलं, तेव्हा सासूबाईंनी मूठ उघडून माझा टाचण्या उचलायचा लोहचुंबक हातावर ठेवला. “रविवारी पुन्हा दे हो, टीव्हीसमोरून यांची खुर्ची हलवायचीय.”